काचेची होडी सुकली

मांगरात आणून ठेवलेल्या त्या होडीला वासच नव्हता. जानकीला पहिल्यांदा खटकलं ते हेच.

होडी म्हटली की तिला वास असायचाच. मोरी माशाच्या तेलाचा, राळेचा, भिजलेल्या फळीचा, अडकून राहिलेल्या खवल्यांचा. तीस वर्षं जानकी या मांगरात होड्यांना तेल देत आली होती. डोळ्यांवर फडकं बांधलं असतं तरी कुठली होडी कुणाची ते तिने नाकाने सांगितलं असतं. आणि ही बया बघावी तर कोऱ्या बशीसारखी. पांढरी, गुळगुळीत, ना फळी, ना सांधा, ना खिळा. एरवी होडी ओढायची तर बारा माणसं लागत, वर त्यांच्या चहाचं बघावं लागे. हिला सहा जणांनी खांद्यावर उचलून आणलं, तेही हसतखिदळत.

"काचेची आसा म्हणतत," गंगाराम म्हणाला. तो तिच्याभोवती तिसरी फेरी मारत होता.

"काचेची, मगे फुटतलीच," जानकी म्हणाली.

कोयनेचा धक्का बसला त्याच्या पुढल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. होडी सरकारी, मासेखात्याची. वैशाखात ती चालवणाऱ्या दत्ताराम तांडेलाने तिला पाण्यातल्या खडपावर घातली होती. पुढच्या टोकाला, नाळीवर, वीतभर लांब खोक आणि तिच्याभोवती केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. खात्यातला दुसरा कुणी असता तर त्याची नोकरी गेली असती. दत्ताराम मात्र कुणाचा तरी मेहुणा होता, तो विडी ओढत मांगराच्या मेढीला टेकून उभा राहिला आणि इथून पुढे रोज तसाच उभा राहणार होता.

तोंडवळीच्या खाडीकाठी उंडीच्या तीन झाडांखाली हा मांगर. वर माडाच्या झापांचं शाकार, खाली रेती. गंगाराम मेस्त्रीच्या आज्याने तो घातला आणि तेव्हापासून आसपासच्या गावांच्या होड्या तिथेच दुरुस्त व्हायच्या. पण जागा कुणाच्या नावावर, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ते यंदा विचारलं गेलं. जागा निघाली सरकारची.

रत्नागिरीहून दिघे साहेब जीपने आले ते छत्री डोक्यावर धरूनच मांगरात शिरले. तरुण माणूस, चेहऱ्याने वाईट नव्हता. बोलायचा मात्र असा की समोरचा आपोआप उभा राहावा.

"मिस्त्री, खात्याला इथे वर्कशॉप करायचं आहे. पक्कं, पत्र्याचं. अशा आणखी चार बोटी यायच्या आहेत. ही एक तुम्ही नारळी पौर्णिमेच्या आत नीट करून दाखवलीत तर मी वर लिहीन की इथला मिस्त्री हाच राहू दे. नाही जमलं तर मुंबईहून माणूस येईल, आणि मग ही जागा त्याला लागेल. समजलं?"

"समजलं साहेब," गंगाराम म्हणाला. साहेबासमोर तो आपली बोली गुंडाळून ठेवून शाळेतली मराठी काढायचा, आणि ती त्याच्या अंगावर दुसऱ्याच्या सदऱ्यासारखी सैल दिसायची.

साहेबांनी एक डबा आणि एक छोटी बाटली काढली. "हे लाकूड नव्हे, फायबरग्लास आहे, लक्षात ठेवा. हा वरचा पांढरा थर आहे ना, हा रंगसुद्धा नव्हे. याला जेल कोट म्हणतात. भेगा खरवडून खाच पाडायची, काचकागदाने घासायचं, मग हा लेप भरायचा. वाटीभर लेपाला बाटलीतले वीस थेंब. एकोणीस नाही, एकवीस नाही. लावला की वर हा पातळ कागद चिकटवायचा, म्हणजे हवा लागणार नाही. दुसऱ्या दिवशी दगडासारखा कडक होतो. मग पुन्हा घासून पॉलिश. आणि जवळ विस्तव नको, हा डबा पेट घेतो."

"होय साहेब."

"सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोट सुकी पाहिजे. अगदी सुकी."

जानकी मागे उभी राहून ऐकत होती. साहेबांची नजर तिच्यावरून तिच्या हातातल्या तेलकट फडक्यावर गेली आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. "त्या बाईंना जरा लांब उभं राहायला सांगा," ते म्हणाले. जानकी चार पावलं मागे सरली. तिला राग आला नाही, लाज वाटली, आणि लाज का वाटली म्हणून मग राग आला.

राळ वितळवायची मांगरातली चूल त्या दिवशी विझवली. जानकी सून होऊन आली तेव्हापासून ती चूल कधी पुरती थंड झालेली तिने पाहिली नव्हती.

काम सुरू झालं. गंगाराम बारीक पटाशीने भेगा उकरायचा आणि जानकी काचकागद घेऊन घासायची. लाकडाचा भुसा हाताला गोड लागतो. याची पूड गव्हाच्या पिठासारखी दिसायची पण अंगाला लागली की खाजकुयलीच. मानेत, कोपराच्या घडीत, लुगड्याच्या काष्ट्यात, जिथे जाईल तिथे जाळायची. दोघं आंघोळ करून बसली तरी जेवताना खाजवत बसायची.

"काच खाल्लेली बरी," जानकी म्हणायची.

"खा मगे," गंगाराम म्हणायचा.

तिला हसू यायचं, पण त्याच्याकडे बघितलं की ते तिथेच राहायचं. गेल्या वर्षभरापासून गंगारामचा उजवा हात थरथरू लागला होता. हातोडा धरला की नाही, बारीक काम आलं की. ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती. मुंबईच्या गिरणीतला थोरला सत्यवान, त्यालाही कळवली नव्हती. जानकी मात्र आपण होऊन त्याच्या हाताखाली वाटी धरू लागली होती, पटाशीचं टोक टेकेपर्यंत त्याच्या मनगटाला आपल्या खांद्याचा आधार देऊ लागली होती, आणि दोघं याबद्दल एक अक्षर बोलत नसत. मांगर गेला तर या हाताला दुसरीकडे कोण काम देणार, हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी काचकागद संपला. तो मालवणला मिळायचा. गंगारामने डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली आणि खाडीपलीकडे नेणारी तर गाठायला निघाला. पाऊस धरून आला होता, ती बंद झाली तर रात्र तिकडेच काढावी लागणार होती. बांधावर जाऊन त्याने मागे वळून सांगितलं, "होडी सुकली काय बघ गो. सुकली की पुढचा करूया."

आता इथे ऐकणाऱ्याने जरा थांबायला हवं. होड्यांच्या या धंद्यात 'सुकली' या शब्दाला एकच अर्थ आहे. होडी सुकली म्हणजे तिला तहान लागली. फळी आक्रसली, सांध्यातला कापूस सैल पडला, आता तेल दिलं नाही तर उलेल. गंगारामच्या बापाने मांगरातून हाक मारायची, "गो, होडी सुकली," आणि जानकीच्या सासूने हातातलं सोडून तेलाचा डबा घेऊन निघायचं. सासू गेली, मग जानकी निघू लागली. आणि पुढचं म्हणजे तेल, तेलानंतर रंग. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

दुपारी पावसाने जरा उसंत घेतली तेव्हा जानकीने होडीवर तळवा टेकवला. घासलेला भाग पांढराफटक, खरखरीत, तळव्याला धरून ठेवणारा. बाळंतिणीच्या ओठांसारखी सुकली होती बिचारी.

तिने घरच्या चुलीवर तेल कोमट केलं. मोरीचं तेल, त्यात थोडं उंडीच्या बियांचं. मांगरात विस्तव न्यायचा नाही हे तिच्या लक्षात होतं. मग फडकं बुडवून तिने सगळी नाळ चोळली, खाचांत बोट घालून घालून चोळली, खालून वर, जसं सासूने शिकवलं तसं.

"पी गो बाय," ती म्हणाली.

होडी पिईना. लाकडाची होडी बघता बघता तेल ओढून घेते आणि आणखी मागते. हिच्यावर तेल तसंच उभं राहिलं. जानकीला जरा नवल वाटलं, मग तिने मनात म्हटलं, सरकारची होडी, पोट भरलेली असेल. उरलेलं तेल तिने कोरड्या फडक्याने पुसून काढलं आणि घरी जाऊन भात रांधला.

दुसऱ्या दिवशी गंगाराम आला तेव्हा तिने त्याला काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. भातात मीठ घातलं हे कुणी सांगतं का? वास म्हणाल तर मांगराच्या मेढींना, रेतीला, दोघांच्या कपड्यांनाही तोच होता.

"सुकली?" त्याने विचारलं.

"सुकली होती, केलंय," ती म्हणाली. त्याला वाटलं पावसाचे शिंतोडे पुसले असतील.

त्याने करवंटीत लेप काढला. बाटली उचलली. जानकीने त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि मोजू लागली, एक, दोन, तीन. वीस थेंब झाले. एकोणीस नाही, एकवीस नाही. लेप भरला, कागद चिकटवला, आणि गंगारामने त्या दिवशी कितीतरी दिवसांनी जेवताना दुसऱ्यांदा कढी मागितली.

सकाळी कागद काढला तर लेपावर देवीच्या वणांसारखे बारीक गोल खळगे पडलेले. डाळीएवढे, मिरीएवढे, शेकडो. गंगारामने नखाने टोचलं आणि दुधावरची साय यावी तसा लेप निघून हातात आला. खालून चिकट होता, मऊ होता.

त्याने तो तुकडा खाली ठेवला. मग त्याने उजवा हात डाव्या हाताने धरला, मांडीवर दाबून ठेवला.

"थेंब चुकले," तो म्हणाला.

"नाय चुकले. मीया मोजलंय. वीसच होते."

"हात हाललो तेवा एकाचे दोन झाले असतले. तुका काय दिसला असतला?" तो खाडीकडे बघत म्हणाला. "माजो हात गेलो गो."

तीस वर्षांत तो असं बोललेला तिने ऐकलं नव्हतं. ती उरलेला लेप खरवडायला बसली. खाचेत बोट फिरवलं आणि सवयीने नाकाशी नेलं. मोरीचं तेल. लेपाच्या आणि होडीच्या मध्ये तिचं तेल बसलं होतं, होडी प्यायली नव्हती ते सगळं तेल तिथेच होतं.

सांगायचं, असं तिने ठरवलं. आंघोळ करून येऊ दे, पेज घेऊ दे, मग सांगायचं. त्याचा हात गेला नाही हे तरी त्याला कळेल. पण तो आंघोळीला उठायच्या आधीच बांधावर जीपचा आवाज आला.

दिघे साहेबांनी खळगे बघितले, वाकून बघितले. मग शांतपणे विचारलं, "तेल लावलं होतंत?"

"नाही साहेब," गंगाराम म्हणाला.

"ग्रीस, खोबरेल, काहीही?"

"नाही साहेब. तुम्ही सांगितलं तसंच केलं. बोट सुकी ठेवली. चुकला तो थेंबांचा हिशेब, माझ्या हाताने चुकला."

"हे तेलाशिवाय होत नाही, मिस्त्री."

"रवळनाथाची आण साहेब. या होडीला मी तेल लावलेलं नाही."

जानकी दारात उभी होती. साहेबांनी फायलीतला एक कोरा कागद काढला आणि नाळीवर दाबून अंगठ्याने घासला. कागद उचलून उजेडात धरला. मधोमध मोठा डाग पडला होता आणि डागातून खाडी आरपार दिसत होती. साहेबांनी कागद दत्तारामपुढे धरला. दत्तारामने हुंगला आणि विडी तोंडातून न काढता म्हणाला, "मोरी."

"देवाची शपथ इतकी स्वस्त असते का तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

साठीला आलेला माणूस गंगाराम, आसपासच्या गावांत त्याच्या शब्दावर होड्या समुद्रात जायच्या. आणि आता मेहुणेशाहीवर नोकरी करणारा तांडेल त्याच्याकडे बघून हसत होता. जानकीला वाटलं, धरणीने आपल्याला गिळावं. ती पुढे आली.

"साहेब, तेल मीया लावलंय. तेंका म्हायत नाय. तेंची आण खोटी नाय."

"बाईंना बोटीला हात लावायला कुणी सांगितलं?" साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले.

गंगारामने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत आधी राग होता. मग त्याची नजर कुठेतरी मागे गेली, बांधावर, खोळीखाली, आणि त्याला आपलेच शब्द ऐकू आले. त्याने मान खाली घातली.

"मी सांगितलं साहेब," तो म्हणाला. "होडी सुकली काय बघ, म्हणून मीच सांगून गेलो होतो."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, आणि त्यांना समजावून सांगेल अशी मराठी गंगारामकडे नव्हती. "दहा दिवस देतो," ते म्हणाले. "अर्धा डबा उरलाय. पुन्हा बिघडला तर दुसरा डबा नाही. तेल काढायचं औषध मुंबईहून मागवावं लागतं, ते पौर्णिमेच्या आत यायचं नाही. तुमचं तुम्ही बघा."

जीप गेल्यावर गंगाराम तसाच निघाला आणि नारळ घेऊन देवळात गेला. अजाणता घेतलेली असली तरी आण ती आणच. त्याने गुरवाला देवापुढे गाऱ्हाणं घालायला लावलं आणि परत आला तो जानकीशी बोलला नाही. जेवला, पान बाजूला केलं, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर जानकीला बरं वाटलं असतं.

तिने मात्र वाट बघितली नाही. "घातलंय मीया, काढतलंय मीया," असं भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून तिने चूल पेटवली. रिठे उकळले. केळीच्या खांबाची राख पाण्यात कालवून वरची निवळ घेतली. घरात होता नव्हता तो धुण्याचा सोडा काढला. आणि काथ्याचा बोळा घेऊन होडीपुढे बसली.

तेल घालणं सोपं होतं, ते काढताना कळलं. रिठ्याच्या फेसाने घासायचं, विहिरीच्या पाण्याने धुवायचं, सोड्याने घासायचं, पुन्हा धुवायचं. रोजच्या तीसपस्तीस कळश्या. पाण्याचा तांब्या नाळीवर ओतला की ती बघायची. पाणी मण्यांसारखं गोळा होऊन पळालं की तेल आहे. तुपाचं ताट धुताना जे दिसतं तेच. पहिल्या दिवशी मणीच मणी. दुसऱ्या दिवशी मणी जरा कमी, खाचांत मात्र तसेच. खाचांसाठी तिने काथ्या सोडून बोटं वापरली. सोड्याने बोटांची सालं गेली, पेरं उलली, लिंबू लागलं तर ब्रह्मांड आठवावं अशी जळजळ व्हायची. ती लुगड्याच्या पदराला हात पुसायची आणि पुन्हा बसायची.

मधेच दाजी आला. गावातला म्हातारा नाखवा, त्याची लाकडी होडी महिनाभर मांगराच्या कडेला झापांखाली पडून होती. "पौर्णिमा इली तोंडार," तो म्हणाला. "माज्या होडयेक तेल कधी देतलंस, वयनी?"

"आज नुको दाजी. आज माज्या हाताक तेल नुको."

"सरकारची राणी आणि आमची दासी," दाजी पुटपुटत गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवरून येताना तिच्या डोक्यावरची कळशी कुणीतरी उचलली. गंगाराम. त्याने ती होडीपाशी नेऊन ठेवली, दुसरी आणली, तिसरी आणली. दहाव्या कळशीला तो म्हणाला, "सुकली म्हणजे तेल. दुसरा काय समजतलंस तू? मीच येडो."

जानकी घासतच राहिली, पण तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत, हाताला सोडा होता.

चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिने तांब्या ओतला. पाणी मण्यांत मोडलं नाही. नाळीवरून सबंध चादर उतरावी तसं उतरलं आणि खाचांतही सपाट बसलं. तिने गंगारामला बोलावून पुन्हा ओतून दाखवलं. मग दोन दिवस होडी वाऱ्याला ठेवली, स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्याने टिपली, आणि या खेपेला 'सुकी' हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारला नाही.

लेप घालायच्या सकाळी गंगारामने बाटली उचलली आणि हात थरथरायला लागला, आधीपेक्षा जास्त. चौदाव्या थेंबाशी तो थांबला. थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबत होता.

"माज्यान होणा नाय," तो म्हणाला.

"होता." जानकीने त्याचं मनगट धरलं. तिची पेरं उललेली, तळवा खरवतीच्या पानासारखा खरखरीत. "पंधरा," ती म्हणाली. "सोळा."

वीस झाले.

सकाळी दोघांनी मिळून कागद काढला. लेप सपाट होता. गंगारामने नखाने ठोकून बघितलं. बशीवर वाजावं तसं वाजलं. त्याने तिच्या पाठीवर एकदा हात ठेवला, आणि दिवसाढवळ्या त्याने असं केल्यामुळे जानकी लाजून आत गेली.

दोन दिवसांनी दिघे साहेब आले. तोवर गंगारामने पाण्यात भिजवलेल्या काचकागदाने पहिला हात मारला होता, पॉलिशचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. साहेबांनी नाळीवरून बोट फिरवलं, डोळे मिटून पुन्हा फिरवलं. "कुठे मोडली होती तेच कळत नाही," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "मी लिहितो वर. जागा तुमच्याकडेच राहील, मिस्त्री. पुढच्या महिन्यात दोन बोटी येतील."

"होय साहेब."

"पण एक गोष्ट आजपासून. तेलाचा डबा या आवारात दिसता कामा नये. त्या लाकडी होड्याही नकोत, त्या तेलातच बुडालेल्या असतात. हाताला तेल लागलेलं माणूस आत यायचं नाही. एकदा झालं ते झालं, पुन्हा मला खपणार नाही. कबूल?"

मेढीजवळ जानकी उभी होती. हाताला तेल लागलेलं माणूस म्हणजे कोण, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दत्तारामलासुद्धा, त्याने विडी तोंडातून काढली होती.

"होय साहेब," गंगाराम म्हणाला.

तो आणखी काय म्हणणार होता? जानकीनेच त्यासाठी चार दिवस हात सोलले होते. तरी तो होकार तिला ऐकू आला तेव्हा तिला सासूची आठवण झाली, आणि इतकं वाईट वाटलं की तिथे उभं राहवेना.

दुपारी दाजी चार माणसं घेऊन आला आणि होडी बाहेर ओढू लागला. तो भांडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "गंगाराम, आता तू काचेचो झालंस." होडी उंडीच्या झाडांपलीकडे, उघड्या रेतीवर गेली. जानकीने तेलाचे तीन डबे, सासूच्या वेळची पितळी वाटी आणि फडक्यांचं बोचकं उचलून घरामागे, न्हाणीच्या आडोशाला नेऊन ठेवलं. मांगरात डबे होते तिथे रेतीवर तीन काळी वर्तुळं उरली. तीही तिने खोऱ्याने भरून खाडीत टाकली.

तिन्हीसांजेला ती मागल्या पडवीत पायरीवर बसली होती. पाऊस थांबला होता. हात मांडीवर उताणे टाकलेले. पेरांच्या चिरांतून रक्ताचे बारीक ठिपके येत होते आणि मुठी मिटत नव्हत्या. उद्या पहाटे दाजीच्या होडीला, तिकडे रेतीवर जाऊन, ती तेल देणार होती. ते तिने कुणाला विचारलं नव्हतं.

गंगाराम मागे येऊन उभा राहिला. त्याने तिचे हात बघितले.

"सुकले गो," तो म्हणाला.

तो न्हाणीकडे गेला, एक डबा घेऊन आला, पायरीच्या टोकाला टेकवून त्याने झाकण काढलं. मोरीच्या तेलाचा वास पडवीभर झाला. त्याने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि दोन बोटं डब्यात घालायला वाकला.

"ऱ्हवांदे," जानकी म्हणाली. "उद्या तुमका बोटीक हात लावूचो आसा."

त्याची बोटं तेलाच्या वर तशीच राहिली, थरथरत. मग त्याने हात मागे घेतला. तिचा हात त्याने हळूच तिच्या मांडीवर परत ठेवला. डबा तिच्यापासून हातभर लांब होता आणि तिच्याच्याने उठवत नव्हतं, म्हणून त्याने तो, हात न लावता, पायाने तिच्याकडे सरकवला.

जानकीने पाय लागलेल्या डब्याला हात लावून नमस्कार केला, आणि एकटीच बोटांना तेल लावत बसली.